सुरगाठ

झेंडा फडकावणाऱ्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत छापलेले असते. बांधणाऱ्याचे कुठेच नसते. प्रमुख पाहुणे मैदानात पाऊल टाकतात तेव्हा झेंडा आधीच वर जाऊन बसलेला असतो, दोरीच्या वेढ्यांत गुरफटून, खांबाच्या टोकाशी लटकणाऱ्या मिटल्या केळफुलासारखा. पाहुण्यांनी करायचे ते इतकेच, की हातात दिलेली दोरी धरायची आणि एक हिसका द्यायचा. मग पाकळ्या ओघळतात, कापड उलगडते, ‘सलामी दो’चा पुकारा होतो आणि हे सारे आपल्याच मनगटाने घडवल्याचा भाव पाहुण्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. तो उमटू द्यावा. वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी माणसाला तेवढे सुख मिळायला हरकत नाही. पण खरे काम आदल्या संध्याकाळी किंवा भल्या पहाटे, पुरते उजाडायच्या आत, कुणीतरी गुडघे टेकून करून ठेवलेले असते. प्रजासत्ताकाचा सगळ्यांत दिमाखदार क्षण एका सुरगाठीवर टांगलेला असतो. आणि सुरगाठीचे नशीब असे, की ती नीट बसली तर तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तिची निरगाठ झाली की अख्खे गाव मान वर करून तिच्याकडे पाहत राहते.

आमच्या गावच्या शाळेत ही गाठ शिपाईमामांकडे होती. घंटा देणे, माठ भरणे आणि हेडमास्तरांच्या रागाची वर्दी आम्हाला वेळेवर पोचवणे ही त्यांची रोजची कामे. पण पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी त्यांचा हुद्दा एकदम वाढत असे. खेळाचे मास्तर मैदानावर फक्की टाकून रांगा आखत, लेझीम पथक शेवटची तालीम करी, आणि मामा कार्यालयाच्या पायरीवर सतरंजी अंथरून बसत. कोळशाच्या इस्त्रीने झेंडा सरळ झालेला असे. आधी लांबीत घडी, मग घडीवर घडी, प्रत्येक घडीवरून तळहात फिरवून. मधोमध झेंडूच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या, त्याही मुठीने नव्हे, चिमटीने. ओल्या पाकळीचा डाग कापडाला धरतो म्हणून दुपारभर सावलीत सुकवलेल्या. मग गुंडाळी. मग दोरीचे दोन वेढे, आणि दोरीचाच एक पेड दुमडून शेवटच्या वेढ्याखाली सरकवायचा. किती सरकवायचा, हे शब्दांत सांगण्यासारखे नव्हते. कमी सरकवला तर वाऱ्याच्या पहिल्याच झुळकीला, पाहुणे यायच्या आत, स्वातंत्र्य मिळून जाते. जास्त सरकवला तर प्रजासत्ताक लांबणीवर पडते. तालमीसाठी मामा झेंडा वापरत नसत. स्वतःचा धुतलेला पंचा बांधून तो वर चढवत, हिसका देत, आणि पंचा फडफडला की मान डोलवत. मावळतीच्या उजेडात खांबावर फडकणारा तो पंचा आम्ही मुले पाहत असू, आणि हसायचे की सलाम करायचा ते आमचे ठरत नसे.

एका वर्षी गाठ अडली. पाहुणे तालुक्याच्या राजकारणातले, कडक इस्त्रीचे. त्यांनी दोरी ओढली. वर काही हलले नाही. पुन्हा ओढली, केळफूल नुसते डोलले. एरवी अशा वेळी माणसे कपाळाला हात लावतात, पण तो आम्ही सगळ्यांनी सलामीच्या घाईत आधीच लावलेला होता. पेटीवरच्या बाईंनी राष्ट्रगीताचा पहिला सूर धरून ठेवला होता, तो भात्याच्या शेवटच्या वाऱ्यापर्यंत ताणला गेला. हेडमास्तर आभाळाकडे पाहत होते, जणू तक्रार आता थेट तिकडेच नोंदवायची. शेवटी रांगांच्या मागून मामा आले, पाहुण्यांच्या मुठीखाली दोरी धरून त्यांनी ती अशी काही झटकली की सगळ्या पाकळ्या हेडमास्तरांच्या टोपीवर. नंतर जिलेबी वाटताना मामा एवढेच म्हणाले, “गाठ बरोबर होती. साहेबांनी ओढली नाही, विनंती केली.”

पुढे बऱ्याच वर्षांनी ध्वजसंहिता वाचताना मला मामांची चिमूट आठवली. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या या संहितेत झेंड्याने काय काय करू नये याची मोठी यादी आहे. त्याने जमिनीला टेकू नये, पाण्यातून फरफटू नये. तो उशीवर, रुमालावर भरून काढू नये. कमरेखालच्या वस्त्रात नसावा. त्यात काही ठेवू नये, बांधू नये, त्यातून काही देऊ-घेऊ नये. आणि मग, एवढ्या सगळ्या नकारांच्या मध्ये, एक अपवाद: राष्ट्रीय सणाच्या दिवशी फडकवण्यापूर्वी झेंड्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. कायद्याची भाषा सहसा फुलांच्या वाटेला जात नाही. दिल्लीतल्या कुठल्याशा कार्यालयात, फायलींच्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला आपल्या शाळेतली पायरी आणि सतरंजी आठवली असणार, त्याशिवाय हे वाक्य तिथे आले नसते. त्याच संहितेत असेही आहे, की झेंडा चढवताना झपाट्याने चढवावा आणि उतरवताना सावकाश, मानाने उतरवावा. आमचे मामा ती न वाचताच पाळत होते.

सरकारला झेंड्याचे मोजमाप मात्र आधीपासून हवे होते, आणि त्यात मला एक लोभस वेडेपणा दिसतो. स्वतंत्र देशाने आपल्या वस्तूंची मानके ठरवायला घेतली. पुढे सिमेंटपासून प्रेशर कुकरपर्यंत हजारो वस्तूंना क्रमांक मिळाले. पण पहिला क्रमांक, आयएस १, हा १९५१ साली झेंड्याला दिला गेला. देशाला आधी काय प्रमाणात हवे, तर हे. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. आकार नऊ: सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, म्हणजे एखाद्या मध्यम खोलीची जमीन त्याला पुरणार नाही एवढा, आणि सर्वांत लहान १५० बाय १००, जो मेजावर दौतीशेजारी उभा राहतो. मोटारीचा आकार वेगळा, विमानाचा वेगळा. चक्राचे आरे चोवीस. कापडाचे वजन चौरस मीटरला २०५ ग्रॅम. छाती किती इंच फुगावी, हे तेवढे कुणी ठरवून दिले नाही.

या सगळ्या मोजमापात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे झेंड्याला पाठ असते. चित्रातल्या झेंड्याला ती नसते. पण वाऱ्यावरच्या झेंड्याकडे लोक दोन्ही अंगांनी पाहत असतात, आणि वारा कुणाला कुठली बाजू दाखवील याचा नेम नाही. खुर्च्या एका बाजूला मांडलेल्या असतात. मामा खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभे असतात. आपल्या झेंड्याच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न सुटताना ही पाठच कामी आली. पण ते सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे.

ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मादाम भिकाईजी कामा यांनी जो झेंडा फडकावला, त्याच्यावर हिरवा, केशरी आणि तांबडा असे पट्टे होते. वर आठ कमळे, खाली सूर्य आणि चंद्रकोर, आणि मधोमध देवनागरीत ‘वंदे मातरम्’. त्या परक्या सभागृहात देवनागरी वाचणारे कितीसे असतील! झेंड्याच्या पलीकडे उभ्या असलेल्याला तर ती अक्षरे उलटीच दिसायची. पण वाचता यावे म्हणून ती लिहिलेलीच नव्हती. आम्हाला आमची अक्षरे आहेत, एवढे दिसले तरी पुष्कळ होते. इंदुलाल याज्ञिकांनी तो झेंडा लपवूनछपवून भारतात आणला. आज तो पुण्यात, केसरीवाड्यात आहे. नारायण पेठेत जाणे झालेच तर पाहून या. नाहीतरी तिथे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत एवढा इतिहास आठवायला वेळ मिळतोच.

दहा वर्षांनी, १९१७ मध्ये, होमरूलच्या चळवळीत टिळक आणि ॲनी बेझंट यांनी आणखी एक झेंडा पुढे केला. पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, त्यांवर सप्तर्षी, एका कोपऱ्यात चंद्रकोर आणि तारा, दुसऱ्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. सगळ्या सोयऱ्यांचा मान राखता राखता लग्नाचा मांडव गच्च व्हावा, तसे त्याचे झाले होते. कुणी रुसून जाऊ नये एवढीच काळजी. आणि ज्याने उठून जावे असे सगळ्यांना वाटत होते, तोही पाटावर बसलेला.

मग १९२१ मधले बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा. ही हकीकत मला सगळ्यांत प्रिय आहे. तांबड्या-हिरव्या कापडावर चरखा, असा नमुना करायला गांधीजींनी पिंगली वेंकय्यांना सांगितले. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. वेंकय्या मोठे उत्साही गृहस्थ. तीन तासांत झेंडा तयार. पण अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे ठेवायला तो अंमळ उशिराच हाती आला, आणि पुढे ‘यंग इंडिया’त गांधीजींनी लिहिले, की उशीर झाला ते बरेच झाले. कारण अधिक विचार केल्यावर त्यांच्या मनात आले, की बाकीच्या धर्मांच्या लोकांनाही या कापडावर जागा हवी. अशा रीतीने पांढरा रंग आला. उशीर आपण सगळ्यांनीच भोगलेला आहे, रेल्वेचा, कचेरीचा, न्यायाचा. पण देशाला एक रंग देऊन गेलेला उशीर हा एवढाच. आणि पट्ट्यांचा क्रम? संख्येने जे सगळ्यांत थोडे त्यांचा पांढरा पट्टा माथ्यावर, मग मुसलमानांचा हिरवा, आणि सगळ्यांत खाली हिंदूंचा तांबडा. कारण जो बळकट, त्याने दुबळ्याची ढाल व्हायचे. वरची जागा मोठ्याची, असे समजणाऱ्या देशात एका माणसाने मोठ्याला खाली उभे केले आणि त्यात त्याचा मान आहे असे सांगितले. हे फार दिवस टिकणार नव्हतेच.

१९३१ मध्ये सात जणांची समिती बसली. तिच्यात नेहरू, पटेल, आझाद यांच्याबरोबर आपले काका कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकरही होते. समितीने संपूर्ण केशरी झेंडा सुचवला, कोपऱ्यात चरखा. समिती नेमायची आणि तिचे ऐकायचे नाही, या परंपरेला जागून त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे ठरले, मध्ये चरखा. रंगांचा धर्मांशी संबंध नाही, ते गुणांचे रंग आहेत, असेही बजावून सांगितले गेले. शाळेत आम्ही ते गुण तीन मार्कांसाठी पाठ केले आणि पेपर झाल्यावर विसरलो.

आणि मग २२ जुलै १९४७. घटना समितीत नेहरूंनी झेंड्याचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी अशोकाचे चक्र का, याची उदात्त कारणे होतीच. पण नेहरूंनी एक अगदी साधे कारणही सांगितले. झेंड्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. चरख्याचे चाक एका अंगाला आणि चाती दुसऱ्या अंगाला. मागून पाहिले की चाती उलटीकडे जाते. चक्राचे तसे नाही. पुढून पाहा, मागून पाहा, ते तेच. मला हे कारण उदात्त कारणांपेक्षा जास्त पटते. मानाच्या खुर्चीतून जो झेंडा दिसतो, तोच खांबामागे उभ्या असलेल्यालाही दिसावा, ही काही लहान मागणी नव्हे. त्याच चर्चेत ह. वि. कामत यांची उपसूचना होती, की चक्रात स्वस्तिकही घालावे. पण प्रत्यक्ष झेंडा पाहिल्यावर त्यांनी ती मागे घेतली, फार गर्दी होईल म्हणून. सभागृहात बोलायला उठावे आणि डोळ्यांनी पाहून बसावे, असे सभासद तेव्हा होते.

गांधीजी मात्र दुखावले. चरखा नसलेल्या झेंड्याला मी वंदन करणार नाही, असे ते म्हणाले. या माणसाचा हट्टही असा, की तो कुठे पुरवला जातोय हे पटकन दिसत नाही. झेंडा हातकताईच्या, हातमागाच्या खादीचाच हवा, हा नियम पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ राहिला. चरखा चित्रातून उठला आणि सुतात जाऊन बसला. हुबळीजवळच्या बेंगेरीत, धारवाडजवळच्या गरगमध्ये आणि आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत हे काम चालते: कापड वेगळे, दोरी ओवायच्या जाड पट्टीचे कापड वेगळे, आणि चक्र दोन्ही बाजूंनी असे छापायचे की एका बाजूचा आरा दुसऱ्या बाजूच्या आऱ्यावर बरोबर बसावा. डिसेंबर २०२१ मध्ये संहितेत बदल झाला आणि यंत्रावरच्या पॉलिस्टरलाही परवानगी मिळाली. झेंडा स्वस्त झाला, घरोघर गेला, हे चांगलेच झाले. सुतात बसलेला तो चरखा मात्र अशा झेंड्यांतून उठला.

हे कापड घेऊन रस्त्यावरून नुसते चालणे हा एकेकाळी गुन्हा होता, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. १९२३ मध्ये जबलपूरला सुरू झालेला झेंडा सत्याग्रह १ मेपासून नागपुरात पेटला. मागणी काय, तर झेंडा हातात धरून सिव्हिल लाइन्समधून जाऊ द्या. बंगल्यांतल्या साहेबांना त्याचे काय एवढे वाटायचे कोण जाणे. पण रोज तुकडी निघे, रोज अडवली जाई, रोज तुरुंगात रवाना होई. जमनालाल बजाज गेले, विनोबा गेले. मग वल्लभभाईंनी सूत्रे हाती घेतली, आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. पुढे नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबार झाला, तेव्हा शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. हातात झेंडा होता. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. त्याच्या वयाची आम्ही पोरे मैदानात उभी असताना आमचे लक्ष जिलेबीच्या टोपल्यावर असे. ते तसे असावे म्हणूनच तो गेला, असे मी स्वतःला समजावतो. पुरते समजत नाही.

स्वराज्य आल्यावर झेंडा सरकारी इमारतींवर जाऊन बसला आणि सामान्य माणसाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर तो घरावर लावायची मोकळीक उरली नाही. २००२ च्या संहितेने ती दिली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की झेंडा मानाने फडकावणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. जुलै २०२२ मध्ये सूर्यास्ताची अटही गेली. आता घरावरचा झेंडा रात्रीही राहू शकतो. त्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीत गॅलरी-गॅलरीला झेंडे लागले. हौशीने, मनापासून. बहुतेक प्लॅस्टिकच्या पट्टीने ग्रिलला आवळलेले. ती पट्टी सुटत नाही, कापावी लागते. त्यामुळे पुष्कळ झेंडे तिथेच राहिले. दसरा गेला, दिवाळीचे कंदील त्यांच्या शेजारी लागले आणि उतरले, पावसाळे झाले. केशरी आता बदामी झाला आहे आणि हिरव्याची कड विसविशीत होऊन कबुतरांच्या उपयोगी पडते आहे. यात कुणाची बेअदबी नाही. चढवायचा दिवस सगळ्यांना सांगितलेला होता, उतरवायचा कुणी सांगितला नाही.

तेव्हा तुमच्या गॅलरीत असा एखादा असेल तर एवढे करा. सवड काढून पट्टी कापा आणि झेंडा सावकाश उतरवून घ्या. फाटला-विटला असेल तर संहितेत सांगितले आहे तसे, चारचौघांत नव्हे, एकांतात, मानाने जाळून टाका. धड असेल तर धुऊन सावलीत वाळवा आणि घडी घाला: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी अशी घडी, की वर चक्र दिसेल. इस्त्री मात्र बेताचीच तापवा, पॉलिस्टर आहे.